तारीख शेवटी ठरवा: गावातून पुस्तक काढताना कामाचा क्रम

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षक मोटारसायकलवरून आमच्या घरी आले. पिशवीत तीनशे पानांची वही होती आणि वहीच्या आत प्रकाशन समारंभाची छापलेली पत्रिका. समारंभ १९ दिवसांवर. अध्यक्ष ठरलेले, मंडपवाल्याला इसार दिलेला. "ताई, फक्त शुद्धलेखन पाहून द्या," म्हणाले.

पुस्तक वेळेवर निघालं. पान ६४ दोनदा आलं, ६५ आलंच नाही आणि अर्पणपत्रिकेत त्यांच्या वडिलांचं नाव चुकलं. घाई मीही ऐकली होती, त्यामुळे दोष माझाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसून मी हे काम करते. छपाई नागपूरला नाहीतर अमरावतीला होते. शिक्षक, शेतकरी, ग्रामसेवक, कीर्तनकार अशा लेखकांच्या हस्तलिखितांत मजकूर बहुतेक वेळा बरा असतो. चुकतो तो क्रम. आधी तारीख, मग छापखाना, मग प्रस्तावना आणि संपादन सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम सरळ करून दिला आहे. एक टप्पा बंद झाल्याशिवाय पुढचा उघडू नका.

## १. आधी कॅलेंडर, मग वही

गावातल्या लेखकाचं वर्ष मृगाला सुरू होतं, हे शहरातल्या प्रकाशकाला सांगावं लागतं. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीच्या धांदलीत पाठवलेलं प्रूफ (चुका तपासायला काढलेली छापील पानं) मळणीच्या पावतीसोबत माझ्याकडे परत आलेलं आहे, एकही खूण न करता. म्हणून माझ्या लेखकांना मी असं वर्ष आखून देते:

- मार्च-एप्रिल: लेखन संपवणं. मे महिनाभर वहीला हात लावायचा नाही.
- जून-जुलै: हस्तलिखित संपादकाकडे. तुम्ही पेरणीत.
- पोळ्याच्या आगेमागे: दुरुस्त्यांवर समोरासमोर बसणं.
- सप्टेंबर: पहिलं प्रूफ.
- दिवाळीनंतर: शेवटचं प्रूफ. छपाई डिसेंबरात. छापखान्यात तेव्हा कॅलेंडर-डायऱ्यांची गर्दी असते, जागा आधी सांगून ठेवा.

मे महिन्याची सुट्टी पुष्कळ जण गाळतात. नुकतंच लिहिलेलं पान वाचताना माणूस आठवणीतून वाचतो, कागदावर काय आहे ते त्याला दिसत नाही. महिन्याने तीच वही घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे ऐकणारा चहा ठेवायला उठतो, त्या पानाला घडी घाला.

सावधान: वहीची एकुलती एक प्रत एसटी पार्सलने किंवा कुणा ओळखीच्याबरोबर पाठवू नका. आधी पानांना क्रमांक द्या, मग झेरॉक्स काढा, मूळ वही घरी ठेवा. झेरॉक्स परवडत नसेल तर मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्येही ठेवा.

## २. टायपिंग: 'वऱ्हाड' शब्दाची परीक्षा

टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा पद्धतीत करून घ्या. तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखे फॉन्ट चालतात. तिथली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. छापखान्याला जुना फॉन्ट हवा असेल तर रूपांतर तो करील, पण मूळ फाइल युनिकोडमध्येच राहू द्या.

रूपांतरात आणि मोबाइलवरच्या टायपिंगमध्ये सगळ्यात आधी बळी जातो तो अर्धा ऱ. 'शेतकऱ्याच्या'चं 'शेतकर्याच्या' होतं आणि 'वऱ्हाड'चं 'वर्हाड'. विदर्भातल्या पुस्तकात हे दोन शब्द किती वेळा येतात ते सांगायला नको. काम देण्याआधी डीटीपीवाल्याला एक ओळ टाइप करून कागदावर छापून द्यायला सांगा: वऱ्हाड, शेतकऱ्याला, तऱ्हा, ॲड., ऑफिस, दृष्टी, कृषी, ज्ञान, पऱ्हाटी. ही ओळ धड आली तर पुढची तीनशे पानं त्याच्या हाती द्या.

बोलून टाइप करण्याची सोय अनेक जण वापरतात. प्रमाण मराठीत ती ठीक चालते. वऱ्हाडी बोललात की 'मले'चं 'मुले' होतं, आणि वाक्य अर्थपूर्ण दिसत असल्यामुळे ते कुणाच्या डोळ्याला खुपत नाही. अशी फाइल मूळ वहीशी ओळीला ओळ लावून तपासावीच लागते.

आणि स्पेसबार दाबून दाबून परिच्छेद आत सरकवू नका, एंटर मारमारून नवीन पानावर जाऊ नका. ते सगळं मांडणी करणाऱ्याला हाताने काढावं लागतं, आणि काढताना कवितेच्या ओळीही एकमेकींत मिसळतात.

तपासा: फाइलच्या नावात तारीख आहे का? 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' अशा तीन फाइली एकाच ईमेलमध्ये मला आलेल्या आहेत.

## ३. संपादकाकडे काय द्यायचं

थोडक्यात सांगते. पूर्ण मजकूर, एका पानाचा गोषवारा, स्वतःबद्दल पाच ओळी, बस. मान्यवरांचे अभिप्राय, सत्काराचे फोटो आणि वर्तमानपत्रातली कात्रणं लागत नाहीत. हस्तलिखित पूर्ण नसेल तर पाठवूच नका, कारण संपादन चालू असताना मागून येणारे 'आणखी दोन प्रकरणं' आधीचं काम बिघडवतात.

कवितासंग्रह असेल तर निवड तुम्ही स्वतः करा. एकशे दहा कविता असतील तर साठ द्या. सगळ्या दिल्यात तर मी पन्नास काढीन आणि त्यात तुमची सगळ्यात लाडकी असेल.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी याच टप्प्यावर करा. पुस्तक छापून झाल्यावर अनुदान शोधायला निघणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

## ४. संपादन: एक नाही, तीन कामं

'फक्त शुद्धलेखन पाहा' या वाक्यात तीन वेगवेगळी कामं कोंबलेली असतात. त्यांचा क्रम बदलला की पैसे दोनदा जातात.

पहिलं काम, आशयाचं. काय ठेवायचं, काय काढायचं, सुरुवात कुठून. गावाकडच्या आत्मकथनात पहिली तीस पानं वंशावळीची असतात आणि गोष्ट एकतिसाव्या पानावर बापाने बैल विकला तिथून सुरू होते. तिथूनच सुरू करा, वंशावळ परिशिष्टात घाला.

तथ्यंही इथेच तपासायची. आठवणीतली सालं हमखास घसरतात. काही ठरलेल्या चुका सांगते. १९७५ साली 'वाशीम जिल्ह्यात' बदली झाली असं लिहिलेलं असतं. वाशीम जिल्हा झाला १९९८ मध्ये, त्याआधी तो भाग अकोला जिल्ह्यात होता. गडचिरोली १९८२ चा, गोंदिया १९९९ चा. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, त्यामुळे १९५३ च्या प्रसंगात मुंबईच्या मंत्रालयात खेटे घालणारे आजोबा चालत नाहीत. कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस शासनालाच विकायची योजना, सुरू झाली १९७२ मध्ये. संकलन केंद्रावरच्या गाड्यांच्या रांगेचं वर्णन कितीही जिवंत असलं तरी ते १९६५ साली बसत नाही.

दुसरं काम, भाषेचं. वाक्यं, पुनरुक्ती, बोली. इथे मी एक चूक केली आहे. सुरुवातीच्या काळात एका कादंबरीतल्या आजीच्या तोंडचं 'मले' मी सगळीकडे 'मला' करून टाकलं. लेखक काही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ताई, माही आजी तुमच्या शाळेत नोती गेली." त्यानंतर मी पात्राच्या तोंडच्या बोलीला हात लावत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियमही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक देतात.

पण मोकळीक म्हणजे एका पानावर 'करून राह्यला', दुसऱ्यावर 'करून रायला' आणि तिसऱ्यावर 'करून राहिला' नव्हे. यावर उपाय म्हणजे शब्दसूची. एका कागदावर बोलीचे सगळे वारंवार येणारे शब्द लिहा आणि प्रत्येकाचं एकच रूप ठरवा: मले की मला, काहून की काऊन, पोट्टं की पोरगं, व्हय की होय. ही यादी लेखकाने करायची असते, कारण कान त्याचा आहे. भंडारा-गोंदियाकडचा लेखक झाडीबोलीत लिहीत असेल तर माझा वऱ्हाडी कान तिथे उपयोगाचा नाही, ती यादी तर मी डोळे झाकून मान्य करते. एकाच पुस्तकात दोन बोली असतील तर कोणतं पात्र कुठलं तेही त्याच कागदावर लिहा. निवेदनाची भाषा प्रमाण आहे की बोली, हेही पहिल्या दिवशी ठरवा. अर्धं पुस्तक झाल्यावर बदललंत तर सगळं पुन्हा.

तिसरं काम, मुद्रितशोधन. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं. हे मांडणी झाल्यानंतर करायचं, आधी नाही.

संपादकाने खुणा करून फाइल परत दिली की तिच्यावर रुसू नका आणि तिच्यापुढे मानही तुकवू नका. प्रत्येक खुणेसमोर तीनपैकी एक शब्द लिहा: 'मान्य', 'अमान्य' किंवा 'बोलू'. 'अमान्य' लिहिताना कारण एका ओळीत द्या. 'बोलू'च्या खुणा एकत्र करून एकाच बैठकीत संपवा. दर संध्याकाळी एकेका शब्दासाठी फोन केलात तर दोघांच्याही लक्षात काही राहत नाही. शेताच्या धुऱ्यावरून केलेल्या फोनवर मान्य झालेल्या निम्म्या दुरुस्त्या फाइलमध्ये पोचतच नाहीत.

सावधान: संपादन चालू असताना तुमच्याकडच्या जुन्या फाइलमध्ये बदल करू नका. एका वेळी फाइल एकाच्याच हातात.

## ५. परवानग्या आणि खरी नावं

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ओव्या घालण्याची आपल्याकडे आवड आहे. तुकाराम, ज्ञानेश्वर यांना कुणाची परवानगी लागत नाही. ग्रामगीतेचं तसं नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, म्हणजे हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. विवेचनाच्या ओघात एखादी ओवी संदर्भासह देणं वेगळं, आख्खा अध्याय परिशिष्टात छापणं वेगळं. दुसऱ्यासाठी लेखी परवानगी घ्या. सिनेमाच्या गाण्यांच्या ओळी काढून टाका, तो त्रास परवडत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो कुणी काढला ते माहीत नसेल तर तो मुखपृष्ठावर नको.

आत्मकथनातल्या खऱ्या माणसांचं काय? माझा साधा नियम आहे. ज्याचं चांगलं लिहिलंय त्याला विचारा, ज्याचं वाईट लिहिलंय त्याचं नाव, आडनाव, हुद्दा आणि गाव बदला. नुसतं नाव बदलून भागत नाही. तीन हजार वस्तीच्या गावात 'त्या काळचे सरपंच' म्हटलं की लोक बोट दाखवतात. 'पण ते खरं आहे' एवढ्यावर बदनामीच्या फौजदारी दाव्यातून सुटका होत नाही, लोकहितही दाखवावं लागतं.

## ६. करार वाचा, मग सही

दोन प्रकारचे व्यवहार असतात. एकात प्रकाशक पैसा घालतो आणि तुम्हाला मानधन देतो. दुसऱ्यात पैसा तुम्ही घालता आणि प्रकाशक नाव, मांडणी, छपाई करून देतो. दुसरा प्रकार वाईट नाही. वाईट आहे तो दुसरा प्रकार पहिल्याच्या भाषेत सांगणं. 'आम्ही तुमचं पुस्तक स्वीकारलं आहे' या वाक्यानंतर पैशांचा आकडा आला तर तो दुसरा प्रकार समजा.

पैसे तुम्ही देत असाल तर हे कागदावर हवं: प्रती किती, पानं किती, कागद कोणता, बांधणी कोणती, तुमच्या हातात किती प्रती, उरलेल्या कुठे राहतील, विक्रीचा हिशेब कधी, आणि मांडणीची मूळ फाइल कुणाची. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी फाइल मिळत नाही आणि सगळं टायपिंग नव्याने होतं.

हक्कांबद्दल स्वामित्वहक्क कायदा १९५७ लेखकाच्या बाजूने थोडा आहे. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' ही ओळ दिसली की पेन खाली ठेवा. तिथे वर्षं लिहा. स्वामित्वहक्काची नोंदणी बंधनकारक नाही. ती करून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर घाईने देऊ नका.

## ७. मांडणी आणि प्रूफ

आता मजकूर गोठला. यापुढे नवीन परिच्छेद नाही, नवीन कविता नाही. प्रूफावर पुनर्लेखन ही आपल्याकडची सगळ्यात महागडी सवय आहे. एक ओळ वाढली की पुढची सगळी पानं सरकतात आणि अनुक्रमणिका खोटी ठरते.

पानांचं गणित आधी समजून घ्या. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापलं जातं. समजा मजकूर १५० पानं आणि सुरुवातीची शीर्षक, श्रेय, अर्पण, मनोगत, अनुक्रमणिका मिळून ८ पानं. झाली १५८, म्हणजे दहा फॉर्ममध्ये बसलं. आता मनोगत चार पानांनी लांबवलं आणि दोन शुभेच्छापत्रं प्रत्येकी दोन पानांची घातली, तर १६६. अकरावा फॉर्म लागला, आणि त्यातली दहा पानं कोरी. शुभेच्छापत्रांची किंमत ती आहे.

पूर्ण पुस्तकाची मांडणी सुरू करण्याआधी एक पान खऱ्या आकारात छापून घ्या. डेमी आकार म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. ते पान गावातल्या सत्तर वर्षांच्या वाचकाच्या हातात द्या. त्याने डोळे बारीक केले तर अक्षर वाढवा.

प्रूफ तीनदा वाचायचं, दर वेळी वेगळ्या पद्धतीने:

1. पहिलं प्रूफ मूळ मजकुराशी ताडून. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ फाइलवर डोळे ठेवायचे. घरातलं दहावी-बारावीचं मूल या कामाला उत्तम.
2. दुसरं प्रूफ फक्त आधीच्या दुरुस्त्या झाल्या का ते पाहण्यासाठी. दुरुस्ती करताना शेजारी नवी चूक होते, ती इथे सापडते.
3. तिसऱ्यात मजकूर वाचूच नका. पान क्रमांक, शीर्षकं, अनुक्रमणिकेतले आकडे, फोटोखालची नावं आणि अर्पणपत्रिका एवढंच पाहा.

तिसरं वाचन मोबाइलच्या पडद्यावर करू नका. कागदावर छापून घ्या. माझं ६४ वं पान मोबाइलवरच निसटलं होतं.

मुखपृष्ठ वेगळं तपासा. कण्यावर नाव आहे का, किंमत आहे का, आतलं आणि बाहेरचं लेखकाचं नाव एकसारखं आहे का. 'भाऊराव' बाहेर आणि 'भाऊरावजी' आत हे मी दोनदा पकडलं आहे.

## ८. आयएसबीएन आणि प्रस्तावना

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या संकेतस्थळावर प्रकाशक किंवा स्वतः प्रकाशन करणारा लेखक अर्ज करू शकतो. मिळायला वेळ लागतो, म्हणून शीर्षक पक्कं होताच अर्ज टाका. हा क्रमांक म्हणजे शासनमान्यता नव्हे आणि दर्जाचा शिक्काही नव्हे. नावातल्या साम्यामुळे लोक या एजन्सीची गल्लत ग्रंथालयांसाठी पुस्तकं घेणाऱ्या कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानशी करतात, ते वेगळं.

प्रस्तावना संपादित मजकूर पाठवूनच मागा. कच्ची वही पाठवलीत तर प्रस्तावनाकार तुम्ही नंतर काढून टाकलेल्या प्रकरणाचं कौतुक करतात, आणि मग तुम्हाला ना प्रस्तावना बदलता येते ना प्रकरण परत घालता येतं. दोन महिने द्या. आली नाही तर पुस्तक प्रस्तावनेशिवाय छापा. वाचक मागत नाही.

## ९. प्रती किती

वही घ्या आणि पैसे देऊन घेणाऱ्यांची नावं लिहा. नातेवाईक लिहू नका, त्यांना भेट द्यावी लागते. सहकाऱ्यांची निम्मी नावं खोडा. उरलेली संख्या दीडशेच्या आत असेल तर डिजिटल छपाईत शंभर-दीडशे प्रती काढा. एका प्रतीचा खर्च जास्त पडतो, पण घरात गठ्ठे राहत नाहीत. प्रती जास्त असतील आणि ऑफसेट छपाईला जाणार असाल तर आधी छापखान्याकडून बांधलेली एक नमुना प्रत मागा, तिची पानं उलटून पाहा, पुस्तक उघडून पालथं ठेवा आणि कणा सुटतो का ते बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत निव्वळ गोंदाची बांधणी तडकते. दोन रुपये जास्त देऊन शिवून घेतलेली बरी.

तपासा: गठ्ठे उतरवून घेताना प्रती मोजा, आणि प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत उघडून सगळे फॉर्म क्रमाने आहेत का ते पाहा.

## १०. प्रती घरात आल्यावर

आता तारीख ठरवा. पत्रिका आता छापा.

प्रकाशक तुम्हीच असाल तर ग्रंथालयांना पुस्तकं देण्याच्या १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. समारंभाच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून चार पाकिटं आदल्या दिवशीच बांधून ठेवा. पाचवं गावातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयासाठी. तिथे ते प्रत्यक्ष वाचलं जाईल.

गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. वाळवी पावसाळ्याची वाट पाहत नाही. तखतावर, भिंतीपासून वीतभर लांब, प्लॅस्टिकमध्ये.

एक प्रत बाजूला काढून तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'दुरुस्ती प्रत' असं लिहा आणि फोनजवळ ठेवा. पहिल्या आठवड्यात फोन येतील. कुणाच्या आजोबांचं नाव चुकलेलं असेल, कुणी सांगेल की ती विहीर पाटलाच्या नाही, कोतवालाच्या वावरात होती. वाद घालू नका, पान काढा आणि पेन्सिलने खूण करा.